चार मुलं, चोवीस मिनिटं आणि एक घंटा: ‘युगेंट डेबाटीर्ट’ किती उपयोगाचं?

‘युगेंट डेबाटीर्ट’ ही जर्मनीतली शालेय वादविवाद स्पर्धा जिंकणाऱ्या मुलाला रोख बक्षीस मिळत नाही. मिळतं ते काही दिवसांचं निवासी प्रशिक्षण, आणि तेही अजून चांगला वाद घालायला शिकवणारं. दर वर्षी दोन लाखांच्या आसपास मुलं यात भाग घेतात, अंतिम फेरी बर्लिनला होते, देशाचे राष्ट्राध्यक्ष आश्रयदाते असतात आणि पाठीशी पैसा आहे तो एका खासगी धर्मादाय प्रतिष्ठानाचा. जर्मनीतल्या मराठी घरांत मूल आठवीत गेलं की कधीतरी या नावाचा कागद दप्तरातून बाहेर येतो आणि आईबाबा विचारात पडतात: यात वेळ घालवावा का, की तोच वेळ गणिताला द्यावा?

वेळ द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र त्यामागचं कारण सांगायचं तर ही योजना कशी बांधलीय आणि तिच्यात पैसा नेमका कुठे जातो, ते पाहावं लागेल. शिक्षणासाठी दान देणारे युरोपात पुष्कळ आहेत. शाळेला बक्षीस, हुशार मुलाला शिष्यवृत्ती, इमारतीवर नावाची पाटी हे सगळीकडे चालतं. इथे पैसा मुख्यतः शिक्षकांच्या प्रशिक्षणावर जातो, आणि वर्गात जी पद्धत वापरायची ती जवळजवळ फुकट आहे. वीस वर्षांहून जास्त काळ हा उपक्रम टिकला तो यामुळे.

पैसा कुणाचा

हे प्रतिष्ठान म्हणजे फ्रांकफुर्टची हर्टी श्टिफ्टुंग. हर्टी या डिपार्टमेंट स्टोअरच्या साखळीचे मालक गेओर्ग कार्ग यांच्या वारसांनी ती १९७४ साली स्थापन केली. २००१ मध्ये फ्रांकफुर्टच्या काही शाळांत वादविवादाचा प्रयोग झाला आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष योहानेस राउ यांच्या पुढाकाराने पुढच्याच वर्षी तो देशभर नेला गेला. सुरुवातीच्या काळात रोबर्ट बॉश, मेर्काटोर आणि हाइन्झ निक्सडॉर्फ ही प्रतिष्ठानंही सोबत होती. दुसऱ्या बाजूला राज्यांची शिक्षणमंत्रालयं उभी राहिली. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय असल्यामुळे त्यांच्या होकाराशिवाय कोणताही दाता वर्गाच्या दारातून आत येऊ शकत नाही.

कामाची वाटणी अशी आहे की प्रतिष्ठानाने पद्धत विकसित करायची, शिक्षक आणि परीक्षक घडवायचे, विजेत्यांच्या शिबिरांचा खर्च उचलायचा. आणि राज्याने शिक्षकांना त्यासाठी वेळ द्यायचा, शाळांचे गट बांधायचे, विभागीय आणि राज्य फेऱ्या भरवायच्या. शिक्षकाचा वेळ हा यातला सगळ्यात महाग भाग, आणि तो सरकारी तिजोरीतून येतो हे लक्षात ठेवलं पाहिजे. दात्याचं नाव मोठं दिसतं, पण राज्याने हात काढून घेतला तर स्पर्धा पुढच्याच वर्षी बसेल. उलट दात्याने हात काढला तर प्रशिक्षित शिक्षक आणि त्यांना येणारी पद्धत तरी मागे राहील. दानाची कसोटी लावायची झाली तर मी हीच लावीन: दाता गेल्यावर मागे काय उरतं?

या पैशाचा इतिहास सरळ नाही, आणि नागरिकत्वाचे धडे देणाऱ्या योजनेच्या परीक्षणात तो वगळणं बरोबर होणार नाही. ‘हर्टी’ हे नाव हेर्मान टीत्झ या नावातून आलं. टीत्झ हे ज्यू कुटुंब; ऑस्कार टीत्झ यांनी काका हेर्मान यांच्या भांडवलावर १८८२ मध्ये गेरा या गावी पहिलं दुकान काढलं आणि पुढे त्याची मोठी साखळी झाली. नाझी सत्तेवर आल्यावर कुटुंबाला धंद्यातून बाहेर काढण्यात आलं, साखळीचं नाव बदललं आणि कारभार कार्ग यांच्या हातात गेला. नंतर मालकीही त्यांच्याकडे आली. या प्रतिष्ठानानेच बर्लिनमध्ये काढलेल्या हर्टी स्कूल या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी हा इतिहास नीट तपासा, अशी मागणी लावून धरली आणि मग प्रतिष्ठानाने इतिहासकारांकडून संशोधन करून घेतलं. ज्यांच्यावर पैसा खर्च झाला त्यांनीच पैसा कुठून आला असं विचारलं. मागणी आतूनच यावी लागली ही उणीव खरी, तरी विचारणारी माणसं याच संस्थेत तयार झाली होती हेही तितकंच खरं.

वाद चालतो कसा

वादाला चार जण लागतात: दोन अनुकूल, दोन प्रतिकूल. वेळ एकूण चोवीस मिनिटं. सुरुवातीला प्रत्येकाला दोन मिनिटं, अनुकूल आणि प्रतिकूल आळीपाळीने. म्हणजे आठ मिनिटं. मग बारा मिनिटांची मोकळी चर्चा. शेवटी त्याच क्रमाने प्रत्येकाला एकेक मिनिट. सूत्रसंचालक नसतो. बाहेरून कुणी हस्तक्षेप करत असेल तर तो फक्त वेळ पाहणारा आणि त्याची घंटा: वेळ संपायला पंधरा सेकंद असताना एकदा, वेळ संपल्यावर दोनदा.

महाराष्ट्रात शाळा-कॉलेजांच्या वादविवाद स्पर्धा पाहिलेल्यांना फरक लगेच जाणवेल. आपल्याकडे अनुकूल-प्रतिकूल बाजू असतात, पण बोलणारा बहुधा सभागृहाकडे पाहून आपलं भाषण पूर्ण करतो आणि खाली बसतो. आधीच्या वक्त्याच्या मुद्द्याला हात लावला तर लावला. फिरता करंडक मिळवून देतं ते पाठांतर, आवाज आणि टाळ्या घेणारा शेवट. इथे निकाल ठरतो मधल्या बारा मिनिटांत, आणि ती मिनिटं कुणालाच आधी लिहून ठेवता येत नाहीत. समोरचा काय बोलेल ते माहीत नाही, आपली पाळी कधी येईल ते ठरलेलं नाही, मध्ये तोंड घालायचं की थांबायचं हे सांगणारंही कुणी नाही. चौघांनी मिळून ती चर्चा चालवायची असते.

बाजू आपण निवडायची नसते, ती ठरवून दिली जाते. त्यामुळे तयारी दोन्ही बाजूंची करावी लागते. मुलाचं स्वतःचं मत प्रतिकूल असेल आणि वाट्याला अनुकूल बाजू आली, तर दोन आठवडे त्याला विरुद्ध मताची सगळ्यात भक्कम कारणं शोधत बसावं लागतं. मला या योजनेतलं सर्वांत मोलाचं अंग हेच वाटतं.

प्रश्न नेहमी ‘करावं का?’ या धाटणीचा असतो, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येईल, आणि तो एखाद्या ठोस बदलाबद्दल असतो. ‘समाजमाध्यमं: शाप की वरदान’ हा विषय इथे चालत नाही, कारण त्यात कुणी काय करायचं हेच सांगितलेलं नाही. ‘शाळेच्या आवारात मोबाइलवर बंदी घालावी का?’ हा चालतो.

एक प्रश्न जवळून

समजा प्रश्न असा आहे: बुंडेसटागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या निवडणुकीसाठी मतदानाचं वय १६ करावं का?

पहिल्या अनुकूल वक्त्याची जबाबदारी सगळ्यात अवघड असते. कारणं देण्याआधी त्याने नेमका बदल सांगायचा असतो: पुढच्या निवडणुकीपासून, फक्त मत देण्याचा हक्क, उभं राहण्याचं वय १८ च, आणि मार्ग म्हणजे मूलभूत कायद्याच्या (जर्मन राज्यघटनेच्या) ३८ व्या कलमात दुरुस्ती, कारण १८ वर्षांची अट तिथेच लिहिलेली आहे. त्यासाठी बुंडेसटाग आणि बुंडेसराट (राज्यांचं सभागृह) या दोन्हीकडे दोन-तृतीयांश बहुमत लागतं. हे सगळं चाळीस-पन्नास सेकंदांत सांगून उरलेल्या वेळात एक कारण द्यायचं. तीन कारणं देण्याचा मोह टाळावा. तीन कारणांना मिळून सव्वा मिनिट म्हणजे एकही कारण धड उभं राहत नाही.

पहिल्या प्रतिकूल वक्त्याने आजची स्थिती काय आहे आणि ती तशीच का राहावी हे सांगायचं. दुसऱ्या अनुकूलने नवं कारण आणायचं. उदाहरणार्थ, ऑस्ट्रियाने २००७ मध्येच १६ वर्षांना मताधिकार दिला. ब्रेमेनने २०११ मध्ये राज्याच्या निवडणुकीत दिला. आणि जून २०२४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत जर्मनीत १६ वर्षांची मुलं मत देऊन आली. दुसऱ्या प्रतिकूलने त्यावर विचार करून आपलं वेगळं कारण द्यायचं.

आता मोकळी चर्चा. प्रतिकूल बाजू म्हणते, ‘सोळाव्या वर्षी मोबाइलचं कंत्राटसुद्धा पालकांच्या संमतीशिवाय करता येत नाही, मग सरकार निवडण्याची जबाबदारी कशी द्यायची?’ कच्चा स्पर्धक यावर म्हणतो, ‘पण ऑस्ट्रियात तर चालतं!’ हे उत्तर नाही. हा आपल्या यादीतला पुढचा मुद्दा आहे. तयार स्पर्धक आधी तो मुद्दा उचलतो: ‘तुम्ही कंत्राटाचं उदाहरण दिलंत. तिथे वयाची अट मुलाच्या संरक्षणासाठी आहे, कारण चुकीच्या कंत्राटाने त्याचंच नुकसान होतं. मत देऊन मुलाचं असं कोणतं नुकसान होणार आहे, ज्यापासून त्याला वाचवायचं?’ आता समोरच्याला हललंच पाहिजे. तो म्हणेल, ‘नुकसान मुलाचं नाही, निर्णयाचे परिणाम स्वतः पेलायची सवय नसलेल्याचं मत सगळ्यांना बांधील करतं.’ वाद एक पायरी खाली, जबाबदारी म्हणजे काय या प्रश्नावर गेला. परीक्षकांना हे हवं असतं.

शेवटच्या मिनिटात नवा मुद्दा आणायचा नाही. झालेल्या चर्चेतलं कोणतं कारण आपल्या मते निर्णायक ठरलं, ते सांगून प्रश्नाचं पुन्हा उत्तर द्यायचं. बहुतेक मुलं इथे सुरुवातीचं भाषण थोडक्यात परत म्हणतात आणि गुण घालवतात. उपाय सोपा आहे: मोकळ्या चर्चेत समोरच्याचं एक तरी वाक्य कागदावर टिपून ठेवायचं आणि शेवटचं मिनिट त्या वाक्यापासून सुरू करायचं.

गुण कसे देतात

निकष चार, प्रत्येकाला शून्य ते पाच. म्हणजे एका परीक्षकाकडून जास्तीत जास्त २० गुण.

विषयाची माहिती: वक्त्याला तो कशाबद्दल बोलतोय हे किती कळतं? मांडणी: जे म्हणायचंय ते तो किती नेमकं म्हणतो? संवादक्षमता: तो इतरांची किती दखल घेतो? पटवण्याची ताकद: त्याची कारणं किती पक्की आहेत?

कोणती बाजू जिंकली हे कुणी पाहत नाही. गुण व्यक्तीला मिळतात, जोडीला नाही. यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते: आपल्याच बाजूच्या जोडीदाराला बोलायला जागा करून देणाऱ्याला आणि प्रतिपक्षाचा मुद्दा नीट समजून घेणाऱ्याला संवादक्षमतेत गुण मिळतात. जो सगळा वेळ स्वतः खातो त्याचं माहितीत कितीही चांगलं झालं तरी तिसऱ्या रकान्यात घसरतं.

शांत मुलांच्या पालकांनी हा रकाना लक्षात ठेवावा. बारा मिनिटांत चारच वेळा, पण प्रत्येक वेळी समोरच्याच्या वाक्याला धरून बोलणारी मुलगी पंधरा वेळा बोलणाऱ्या मुलाच्या पुढे जाऊ शकते. अगदीच गप्प राहिलेल्याला मात्र कुणी वाचवू शकत नाही.

भाषेची धास्ती नव्याने आलेल्या मराठी मुलांना असतेच. मांडणीच्या निकषात पाहतात ते नेमकेपण आणि प्रसंगाला साजेशी भाषा. मोठमोठी वाक्यं जुळवताना क्रियापद हरवण्यापेक्षा छोटी, पूर्ण वाक्यं बोलणं केव्हाही फायद्याचं. जर्मन नुकतंच शिकू लागलेल्या वर्गांसाठी वादाच्या सोप्या पायऱ्याही आहेत, शाळेला त्याबद्दल विचारावं. याच प्रतिष्ठानाने २००२ मध्ये सुरू केलेली ‘स्टार्ट’ ही तीन वर्षांची शिष्यवृत्ती खास स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांसाठी आहे. मराठी पालकांपर्यंत तिची माहिती फारशी पोहोचत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

वर्गात काय बिघडतं

कागदावर पद्धत सुटसुटीत आहे. वर्गात ती बिघडते ती ठरावीक जागी.

पहिली जागा म्हणजे प्रश्न. शिक्षक घाईत फार व्यापक प्रश्न घेतो आणि चौघं जण चार वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात. ‘सार्वजनिक वाहतूक मोफत करावी का?’ यात शहरापुरती की देशभर, सगळ्यांना की विद्यार्थ्यांना, खर्च कुणी द्यायचा हे पहिल्या वक्त्याने बांधलं नाही, तर बारा मिनिटांतली आठ तो गुंता सोडवण्यात जातात. प्रश्न आदल्या दिवशीच घासून घ्यावा: बदल कोण करणार, कुठे, कुणासाठी?

दुसरी म्हणजे कात्रणांचा ढीग. मूल आठवडाभर इंटरनेटवरून आकडे गोळा करतं आणि वादात ते एकेक करून टाकत जातं. आकडा हे कारण नव्हे. आकड्यावरून काय ठरतं हे सांगणारं वाक्य म्हणजे कारण. घरी सरावाला प्रत्येक आकड्यापुढे ‘म्हणून’ लिहून वाक्य पूर्ण करायला लावा. पूर्ण होत नसेल तर तो आकडा काढून टाका.

तिसरी अडचण जास्त नाजूक आहे. चौघं जण मित्र असतील तर पाचव्या मिनिटाला सगळ्यांचं एकमत होतं आणि उरलेल्या सात मिनिटांत करायला काही राहत नाही. एकमत होणं वाईट नाही, पण मग ‘कोणत्या अटीवर’ या प्रश्नाकडे वळायला मुलांना आधी शिकवलेलं असावं लागतं. प्रशिक्षित शिक्षक आणि माहितीपत्रक वाचून वाद घेणारा शिक्षक यांतला फरक इथे उघडा पडतो.

आणि वेळेचं गणित. २८ मुलांच्या वर्गात एका वेळी चौघं बोलतात, म्हणजे सगळ्यांची पाळी यायला सात वाद हवेत. तास ४५ मिनिटांचा. चोवीस मिनिटं वाद, दहा-बारा मिनिटं अभिप्राय, उरलेला वेळ बाकं लावण्यात आणि घंटा शोधण्यात. म्हणजे एका तासात एकच वाद बसतो आणि सात तास जातात. तेवढे तास कुठल्याही शिक्षकाकडे नसतात. तोडगा म्हणजे वर्गाचे आठ-आठ जणांचे गट: चार वादक, एक वेळ पाहणारा, तीन परीक्षक. २४ मुलांचे तीन वाद एकाच तासात तीन कोपऱ्यांत चालतात (उरलेली चौघं परीक्षकांत बसतात), पुढच्या तासाला भूमिका बदलतात. आवाज खूप होतो, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवावं. परीक्षकाच्या खुर्चीत बसलेलं मूल बोलणाऱ्याइतकंच शिकतं, कारण ‘तू याचं ऐकलंस का?’ हे तपासायला त्याला स्वतःला ऐकावं लागतं.

अभिप्रायाची शिस्तही शिकवावी लागते. ‘छान बोललीस’ हे चालत नाही. आधी काय जमलं ते उदाहरणासह, मग पुढच्या वेळी करून पाहायची एकच गोष्ट. चार-पाच सूचना दिल्या की मूल एकही पाळत नाही.

कुठे कमी पडतं

सगळ्यात मोठी अडचण अशी की मुलाला परस्पर नाव नोंदवता येत नाही. शाळा या जाळ्यात असावी लागते, तिथे प्रशिक्षित शिक्षक आणि एक शालेय समन्वयक असावा लागतो, आणि वाट वर्गातून शाळा, शाळेतून विभाग, तिथून राज्य आणि मग बर्लिन अशीच जाते. तुमची शाळा जाळ्यात नसेल तर मूल कितीही तयार असो, दार बंद. शाळेला सामील व्हायचं तर मुख्याध्यापकाची इच्छा आणि निदान एका शिक्षकाची प्रशिक्षणाला जायची तयारी लागते, आणि ते घडेपर्यंत शालेय वर्ष हातचं जातं.

दुसरी उणीव: गिम्नाझियमांचा, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळांचा भरणा जास्त आहे. रेआलशुले (दहावीपर्यंतच्या मधल्या स्तराच्या शाळा) आणि व्यवसायशिक्षणाच्या शाळांना दार उघडं आहे, तरी ज्या मुलांच्या घरी जेवताना राजकारणावर बोलणं होतं त्यांच्याच वाट्याला याचा लाभ अधिक येतो. नागरिक घडवायचे तर ज्यांना बोलायची संधी कमी मिळते त्यांच्यापर्यंत आधी जायला हवं. वर्गातली पद्धत सगळ्यांना पुरते. वरच्या फेऱ्यांतली शिबिरं मात्र आधीच बोलक्या असलेल्या मुलांवर खर्च होतात. माझी या योजनेवर सर्वांत ठाम तक्रार हीच आहे.

वेळापत्रक साधारण असं: शरद ऋतूत वर्गातला सराव, नाताळच्या आगेमागे शालेय फेरी, हिवाळा संपता संपता विभागीय, वसंतात राज्य, आणि जूनच्या सुमारास बर्लिन. गट दोन: आठवी ते दहावी आणि त्यावरचे वर्ग. पालकांनी विचारायची वेळ म्हणजे उन्हाळी सुटीनंतरचा पहिला आठवडा. जानेवारीत विचारून उपयोग नाही.

शाळा जाळ्यात नसेल तर

हाम्बुर्गच्या क्योर्बर श्टिफ्टुंगची इतिहास स्पर्धा पाहावी. १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष गुस्टाफ हाइनेमान आणि उद्योजक कुर्ट क्योर्बर यांनी ती सुरू केली. दर दोन वर्षांनी एक विषय जाहीर होतो. १ सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मुलं आपल्याच गावात, गल्लीत, कुटुंबात त्या विषयाचा शोध घेतात. वय २१ च्या आत हवं. एकट्याने, गटाने किंवा वर्गाने भाग घेता येतो, म्हणजे शाळेच्या मर्जीवर सगळं अवलंबून नाही. सोबत मार्गदर्शक असतो आणि आपण काम कसं केलं, कुठे अडलो याचा अहवाल जोडावा लागतो. तो अहवाल मुलं शेवटच्या रात्री लिहितात आणि तिथेच मार खातात. पहिल्या दिवसापासून वहीत नोंद ठेवावी.

या स्पर्धेची ताकद किती हे पासाऊच्या आना रोसमुस यांच्या कामातून दिसलं. १९८०-८१ चा विषय होता नाझी राजवटीतलं रोजचं जगणं. शाळकरी वयात त्यांनी आपल्या गावाची चौकशी सुरू केली. कागद मिळेनात, लोक बोलेनात. दप्तरखान्याची दारं उघडून घ्यायला त्यांना कोर्टात जावं लागलं, धमक्या आल्या, आणि तरी त्यांनी १९८३ मध्ये पुस्तक काढलं. शालेय निबंधापासून हे सुरू झालं होतं. अशा कामासाठी दात्याने फक्त विषय आणि मुदत दिली. बाकी गावाने आणि एका मुलीने केलं. २००१ पासून क्योर्बरने ‘युस्टोरी’ नावाने युरोपातल्या वीसहून अधिक देशांच्या अशाच इतिहास स्पर्धांचं जाळं बांधलं आहे.

मराठी घरातल्या मुलाला इथे एक खास संधी आहे. जर्मन गावात स्थलांतरितांचा इतिहास बहुधा कुणी लिहिलेला नसतो. साठ-सत्तरच्या दशकात इथे शिकायला किंवा कारखान्यात उमेदवारीला आलेले भारतीय अजून भेटू शकतात. त्यांचे परवाने, पगाराच्या चिठ्ठ्या, घरी लिहिलेली पत्रं हा अस्सल पुरावा आहे. विषय जुळला तर मराठी येणं हा अडथळा राहत नाही, उलट जर्मन मुलाला न वाचता येणारी पत्रं तुमचं मूल वाचू शकतं.

तुलनेसाठी तिसरं नाव: रोबर्ट बॉश आणि हाइडेहोफ प्रतिष्ठानांचा ‘जर्मन शाळा पुरस्कार’, २००६ पासून, पहिलं बक्षीस एक लाख युरो. चांगल्या शाळा त्यातून प्रकाशात येतात. पण जी शाळा धडपडतेय तिच्या शिक्षकाला सोमवारी सकाळी हातात काय मिळतं, असं विचारलं तर वादविवादाची घंटा मला जास्त उपयोगाची वाटते.

सीमेपलीकडे

हीच चोवीस मिनिटांची पद्धत जर्मन परकी भाषा म्हणून शिकणाऱ्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या मुलांसाठीही चालवली गेली: पोलंड, चेक प्रजासत्ताक, हंगेरी, बाल्टिक देश, युक्रेन. तिथे हर्टीसोबत गोएथे इन्स्टिट्यूट आणि ‘ईव्हीझेड’ प्रतिष्ठान उभं राहिलं. ईव्हीझेड २००० साली जर्मन सरकार आणि उद्योगांनी निम्मे-निम्मे पैसे घालून, दहा अब्ज मार्कांच्या निधीतून स्थापन केलं. नाझी काळात वेठबिगारी करायला लावलेल्यांना भरपाई देणं हे त्याचं पहिलं काम होतं. २००७ पर्यंत सोळा लाखांहून अधिक लोकांना ती मिळाली. निधीचा एक भाग ठेव म्हणून राखला आणि त्याच्या उत्पन्नातून असे उपक्रम चालतात. ज्या देशांतून माणसं जबरदस्तीने जर्मनीत आणली, त्याच देशांतली मुलं आज जर्मन भाषेत, समोरासमोर, कुणाचीही भीती न बाळगता वाद घालतात. दानाच्या पैशाचा याहून समर्पक वापर मला तरी ठाऊक नाही.

मराठी शाळेत करून पाहायचं तर

जर्मनीतल्या मंडळांच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळांत ही पद्धत जशीच्या तशी चालेल. कुठल्या प्रतिष्ठानाची परवानगी लागत नाही, देणगी लागत नाही. बाराच्या आतल्या मुलांसाठी वेळ निम्मी करा: सुरुवातीला एकेक मिनिट, मोकळी चर्चा सहा मिनिटं, शेवट अर्धा मिनिट. पूर्ण वाद बारा मिनिटांत होतो. मुलांना मराठीत शब्द सुचत नसेल तर जर्मन शब्द चालू द्यावा, वाक्य मात्र मराठीत पूर्ण करायला लावावं. मध्ये थांबवून व्याकरण दुरुस्त करू नये, ते वादानंतर. पालकांनी परीक्षक व्हायला हरकत नाही, पण स्वतःच्या मुलाच्या वादाला नाही.

चार वाक्यं आधी फळ्यावर लिहून ठेवली की मोकळी चर्चा निम्मी सोपी होते: ‘तू आत्ता म्हणालीस की...’, ‘हे मला पटतं, पण...’, ‘तुझा अर्थ असा आहे का की...’, ‘यावर ती अजून बोललेली नाही, तिचं काय म्हणणं?’ चौथं वाक्य मोठ्या मुलांनाही शिकवावं लागतं.

पहिल्या वादाला मुलांच्या जवळचा प्रश्न घ्या. माझी सूचना: ‘मंडळाच्या वार्षिक सभेत १६ वर्षांच्या सभासदांना मत द्यावं का?’ बहुतेक मंडळं नोंदणीकृत संस्था आहेत, त्यांची लिखित घटना असते आणि मत कुणाला हे तिथे ठरवता येतं. पहिल्या अनुकूल वक्त्याला ती घटना मिळवून वाचावी लागेल, कोणतं कलम बदलायचं ते सांगावं लागेल, आणि दुरुस्तीला किती बहुमत लागतं तेही. घटनेची प्रत सचिवांकडे असते. मुलालाच जाऊन मागू द्या.